अतिदक्षता विभाग : यंत्रांची साथ, माणसांचा पहारा

अत्यवस्थ रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवले, की तेथील यंत्रे त्याला बरे करतील, असा नातेवाइकांचा समज असतो. वस्तुतः यंत्रे रोग बरा करीत नाहीत. मूळ आजारावरील उपचार लागू पडेपर्यंत थकलेल्या अवयवांचा भार वाहणे, एवढेच त्यांचे काम.

या विभागाची कल्पना कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओच्या साथीत आकाराला आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडून रुग्ण दगावत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवण्याचा आणि रबरी पिशवी दाबून हवा देण्याचा उपाय सुचवला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस ही पिशवी दाबली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले.

आता हातांची जागा व्हेंटिलेटरने घेतली आहे. मूत्रपिंडे थकल्यास डायलिसिस केले जाते, रक्तदाब कोसळल्यास नॉरअॅड्रेनलिनसारखी औषधे थेंबाथेंबाने दिली जातात. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू मॉनिटरवर अखंड दिसत असतात. मात्र त्यांतील बदल वेळीच ओळखणारी परिचारिका नसेल, तर हे आकडे व्यर्थ होत. म्हणूनच व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा संकेत आहे. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता राखणे आणि रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुणे, या साध्या गोष्टींनी न्यूमोनिया, शय्याव्रण व जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. नळी जितके दिवस राहील, तितका धोका वाढतो. त्यामुळे शक्य तेव्हा गुंगीची औषधे रोज कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, हे तपासले जाते.

अवयव सावरण्याची आशाच मावळते, तेव्हा यंत्रे केवळ मरण लांबवतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. त्यानुसार, रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसल्यास दोन वैद्यकीय मंडळांचे एकमत आणि कुटुंबीयांची संमती असताना कृत्रिम आधार काढता येतो. वेदनाशमन व शुश्रूषा मात्र अखेरपर्यंत सुरूच राहते.

नातेवाइकांनी डॉक्टरांना रोज दोन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणत्या अवयवाला आधार दिला जात आहे? आणि कालच्यापेक्षा आज त्याची गरज घटली, की वाढली?