जीपची पुढची चाके

दुसऱ्या महायुद्धात गाजलेली जीपगाडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. परंतु चालकाच्या हाताशी असलेल्या तिच्या तीन दांड्यांकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले असेल. पहिला दांडा नेहमीच्या गिअरचा. दुसऱ्याने पुढचा आस इंजिनाशी जोडला जातो, आणि तिसऱ्याने गाडीचा वेग जवळजवळ निम्मा होऊन ओढ दुपटीच्या घरात जाते. पुढचा आस जोडल्यावाचून हा तिसरा दांडा पडूच नये, असा अडसर आत घातलेला आहे. कारण तेवढा जोर एकट्या मागच्या आसावर येणे बरे नव्हे.

जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने अशा गाडीसाठी 135 कारखानदारांना पाचारण केले. नमुना अवघ्या 49 दिवसांत हवा होता! बँटम नावाच्या लहानशा कारखान्याने तो 23 सप्टेंबर रोजी हजर केला. पुढे सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या त्या मात्र मुख्यतः विलिज आणि फोर्ड यांनी. पहिल्या मानकऱ्याच्या वाट्याला असे पुष्कळदा येते.

युद्ध संपले आणि 1945 मध्ये विलिजने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली. आपल्याकडे त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईस माझगाव येथे विलिजच्या जीपा जुळविण्यास आरंभ केला. पण शांततेच्या काळात गाडी बहुतेक धावायची ती पक्क्या सडकेवर. तेथे दुसरा दांडा मोकळा असला, तरी पुढचा शाफ्ट चाकांबरोबर उगाच फिरतो आणि झिजतो. यावर अमेरिकेत आर्थर वॉर्न याने 1948 मध्ये तोड काढली: चाकाच्या तुंब्यातच अशी कळ बसविली की, हवे तेव्हा चाक आसापासून सोडविता यावे. ज्यांना एवढाही खर्च नको होता, त्यांनी शाफ्टच उतरवून ठेवला. असा उतरविलेला शाफ्ट वर्षा-दोन वर्षांत भंगारात जातो, आणि गाडीला चार चाकांची ओढ होती याची खूण म्हणून तो निकामी दांडा तेवढा उरतो.

अशी गाडी घेऊन तिची गेलेली शक्ती परत आणू पाहणारा पहिली चूक करतो ती येथेच. शाफ्ट मिळाला की काम झाले, असे त्याला वाटते! वस्तुतः आधी चाकांजवळचे पोकळ गोलक उघडून पाहावेत. चाक वळलेले असतानाही फिरणारा सांधा त्यांच्यात असतो. वंगण आटून पाणी शिरले असेल, तर तो गंजून गेलेला आढळतो.

त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. लष्करी जीपच्या आसात 39 आणि 8 दात्यांची जोडी होती. 1945 च्या नागरी जीपमध्ये 43 आणि 8 दात्यांची. बाहेरून दोन्ही आस भावंडांसारखे! भंगारातला लष्करी आस नागरी गाडीच्या पुढे बसविला, तर मागची चाके 100 फेरे घेतील तेवढ्यात पुढची 110 घेऊ पाहतील. दोन्हींच्या ओढाताणीत टायर तरी झिजतील, नाही तर दातेरी चाके फुटतील. म्हणून विकत घेण्यापूर्वी आसाची दोन्ही चाके एकदम एक पुरा फेरा फिरवावीत आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. लष्करी आसाचे पाचाला किंचित कमी भरतील, नागरी आसाचे सव्वापाचाहून थोडे अधिक. खडूची एक खूण केली, की हे पोरालाही मोजता येते. तरी मिस्त्रीच्या शब्दावर विसंबून ते न मोजणारेच फार.

आणि सर्व जुळल्यावर परीक्षा घ्यावी ती नांगरलेल्या शेतात किंवा नदीच्या वाळूत. कोरड्या सडकेवर मुळीच नव्हे. वळणावर पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात, आणि हा फरक सोसणारी योजना दोन आसांच्या मध्ये या गाडीत नाही. सडकेवर आल्यावर दांडा अडकलाच, तर त्याच्याशी झुंज घेऊ नये. गाडी चार हात मागे घ्यावी, तो आपसूक सुटतो.