दिल्लीचे आकाश आणि जयसिंगाची यंत्रे

ज्येष्ठातल्या एखाद्या दुपारी दिल्लीच्या क्षितिजावर तांबूस धुळीची भिंत उभी राहते आणि पाहता पाहता शहरावर चालून येते. तिला तेथे आंधी म्हणतात. सूर्य तांब्याच्या थाळीसारखा निस्तेज होतो, भर दिवसा दिवे लावावे लागतात. मग चार टपोरे थेंब पडतात, वारा पडतो आणि रात्री धुऊन निघालेल्या आकाशात चांदण्या विलक्षण जवळ आल्यासारख्या वाटतात.

श्रोतेहो, अशा आकाशापुढे मन दिपून जाते. परंतु सवाई जयसिंगाला ते मोजावेसे वाटले. त्या काळी प्रचलित कोष्टकांतील ग्रहांची स्थाने आणि प्रत्यक्ष आकाशातील स्थाने यांत अंतर पडत होते. पितळी यंत्रे लहान. त्यांचे आस झिजत, मध्यबिंदू ढळत. म्हणून जयसिंगाने चुना व दगड यांचीच यंत्रे बांधली. 1724 मध्ये दिल्लीला उभारलेली ही वेधशाळा म्हणजेच जंतरमंतर.

तेथील सम्राटयंत्राची भिंत 60 फुटांहून उंच आहे. तिची तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर असल्यामुळे तिची सावली बाजूच्या वर्तुळखंडावर एकसारख्या गतीने, मिनिटाला दोन इंचांहून अधिक, सरकते. काळाची गती येथे उघड्या डोळ्यांना दिसते! जयप्रकाशयंत्रात तर आकाशच उलटे करून जमिनीत पुरले आहे. दोन अर्धगोल वाट्यांपैकी एकीत जेथे पायवाट, तेथे दुसरीत अंकित पृष्ठभाग. रात्री त्या वाटांत उभे राहून निरीक्षक ताऱ्याचे स्थान निश्चित करी.

या उद्योगात एका महाराष्ट्रीयाचा हात होता, ही आपल्याला विशेष जवळची गोष्ट. जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले. जयसिंगाने पोर्तुगालहूनही कोष्टके मागविली, ती ताडून पाहिली, आणि चंद्राच्या स्थानात त्यांना अर्ध्या अंशाची चूक आढळली, असे आपल्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले. ज्ञान कोठलेही असो, ते आकाशाच्या कसोटीवर घासून घ्यावयाचे, ही त्याची वृत्ती होती.

त्याच वेळी दिल्लीवर दुसरी वादळे घोंघावत होती. 1737 मध्ये थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन धडकले. 1739 मध्ये नादिरशहाने शहर लुटले. 1743 मध्ये जयसिंग निवर्तला आणि वेधांची परंपरा खुंटली. पुढे दुर्बिणीच्या बळावर युरोपचे ज्योतिष फार पुढे गेले. शिवाय मोठ्या भिंतीची सावलीही कडेला अंधुक होते; आकार वाढवून अचूकता वाढण्याला मर्यादा होती.

आज भोवती उंच इमारती उभ्या आहेत आणि वेधांना आवश्यक असे मोकळे क्षितिज उरलेले नाही. आंधीत तर ही यंत्रे मुकीच होतात. परंतु धूळ बसली, ऊन पडले, की सम्राटयंत्राची सावली पुन्हा आपल्या वर्तुळखंडावर येते आणि एकसारखी पुढे सरकू लागते.