निवृत्ती आणि छंद : कामशेतपासून नोएडापर्यंत

मराठीत मोकळ्या वेळासाठी जे शब्द आहेत त्यांची प्रतवारी लावून पाहिली, तर समाजाने त्या वेळेकडे कोणत्या नजरेने पाहिले हे बरेचसे उमगते. ‘नाद’ हा शब्द संशयाने उच्चारला जातो. माणूस नादी लागतो तो बहुधा वाया जाण्यासाठी. ‘छंद’ त्याहून थोडा वरचा. तो जडतो, आणि घरच्यांनी त्याकडे काणाडोळा करावा इतपत निरुपद्रवी असतो. ‘विरंगुळा’ आणि ‘करमणूक’ हे श्रमांच्या अधूनमधून येणारे विसावे. या सर्वांच्या वर ‘व्यासंग’ विराजमान आहे. व्यासंगाला प्रतिष्ठा आहे, कारण त्यातून काही निष्पन्न होते. नोकरीतून निवृत्त झालेल्या मराठी माणसाच्या रिकाम्या वेळेचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे छंदाला व्यासंगाच्या पायरीवर चढविण्याच्या धडपडीचा इतिहास होय. या धडपडीने मराठी विद्येला पुष्कळ दिले. तिने काय गाळले, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

‘निवृत्ती’ हा शब्द मुळात कचेरीचा नव्हे. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही धर्मचिंतनातील जोडी आहे. ज्ञानदेवांच्या थोरल्या बंधूंचे आणि गुरूंचे नाव तेच. शेतकरी, कारागीर किंवा भिक्षुक यांना जुन्या समाजव्यवस्थेत ठराविक दिवशी निवृत्त होण्याचा प्रसंग येत नसे. हातपाय चालत तोवर काम, आणि ते थकले की मुलाबाळांचा आधार, असा क्रम होता. वानप्रस्थाची कल्पना ग्रंथात होती. व्यवहारात ती क्वचितच उतरली. इंग्रजी अमदानीतील सरकारी नोकरीने मात्र एक नवाच मनुष्यप्रकार जन्माला घातला. पंचावन्नच्या घरातला, बहुधा धडधाकट, लिहितावाचता, दरमहा ठराविक रक्कम हाती पडणारा, आणि सकाळी अकरा वाजता ज्याची कोठेही वाट पाहिली जात नाही असा हा ‘पेन्शनर’.

पुणे हे अशा माणसांचे शहर म्हणून प्रसिद्धी पावले ते उगीच नव्हे. तेथे त्यांच्या दिवसाला आकार देणाऱ्या संस्था आधीच उभ्या होत्या. नगर वाचन मंदिराचा उगम १८४८ मधील ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’त आहे, वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. सकाळी पर्वतीची चढण, दुपारी वर्तमानपत्रे, उन्हाळ्यात व्याख्याने असा नेम त्यामुळे शक्य झाला. त्या वाचनालयाच्या उभारणीत तरुणपणी पुढाकार घेणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख १८७९ मध्ये न्यायखात्यातून निवृत्त झाले. मराठी पेन्शनरांच्या पहिल्या नामांकित पिढीत त्यांची गणना करावी लागेल. निवृत्तीनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही, आणि पुढच्या पिढ्यांसमोर जो आदर्श उभा राहिला तो असाच, न थांबणाऱ्या लेखणीचा होता.

या आदर्शाला तात्त्विक बळ मिळाले ते लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’मुळे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गीतेचे तात्पर्य संन्यासात नसून निष्काम कर्मात आहे, असा त्याचा सिद्धान्त. ज्या सुशिक्षित वर्गाच्या घरोघरी हा ग्रंथ पोहोचला, तोच वर्ग पेन्शन घेणारा होता. कचेरीने दिलेली निवृत्ती आणि ग्रंथाने सांगितलेली प्रवृत्ती यांचा मेळ घालणे हा त्या वर्गापुढील खरा प्रश्न ठरला. नुसते बसून राहणे हे आता केवळ कंटाळवाणे उरले नाही. ते काहीसे अनैतिकही वाटू लागले.

दोन चरित्रांतून हे स्पष्ट दिसते. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून १९१४ मध्ये निवृत्त झाले. दोनच वर्षांत, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. निवृत्तीनंतर त्यांना सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले, म्हणजे नोकरीच्या कालावधीच्या दुपटीहून अधिक. दुसरे उदाहरण रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे. बडोदे संस्थानात १८८९ पासून नोकरी करताना, राजघराण्यातील विद्यार्थ्यांना इतिहास शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतून त्यांचे ‘रियासती’चे लेखन उगवले. ते १९२५ मध्ये निवृत्त झाले आणि मुंबई-पुणे लोहमार्गावरील कामशेत येथे जाऊन राहिले. पुढे १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादकत्वाखाली बाहेर पडले. मोडी कागदांचे रुमाल सोडून, वाचून, निवडून ते छापण्याचे हे काम त्यांनी साठीच्या उंबरठ्यापलीकडे अंगावर घेतले. मराठ्यांचा त्रिखंडात्मक इंग्रजी इतिहास १९४६ ते १९४८ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. नोकरीत जो फावल्या वेळचा छंद होता, तो निवृत्तीत मुख्य व्यवसाय झाला. पगार गेला आणि काम वाढले, असा हा उलटा हिशेब होता.

हीच परंपरा महाराष्ट्राबाहेर, दिल्लीत, थोड्या निराळ्या स्वरूपात दिसते. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळविले होते, आणि बागकामाची आवड त्यांनी पुढेही जोपासली. संस्कृत हे त्यांचे दुसरे प्रेम. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद, गांधीजींच्या वचनांचे संस्कृत पद्यरूप आणि स्वतंत्र संस्कृत काव्यरचना हे सारे अर्थकारणाच्या पोथ्यांशेजारीच घडत गेले. सरदेसायांच्या बाबतीत छंदाने व्यवसायाची जागा घेतली. देशमुखांच्या बाबतीत तो व्यवसायाला समांतर वाहत राहिला. म्हणूनच पदे संपली तरी माणूस रिता झाला नाही. छंद निवृत्तीच्या दिवशी विकत घेता येत नाही, तो बराच आधी रुजावा लागतो, हे देशमुखांच्या चरित्रातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच होत असेल.

देशमुखांचे निधन २ ऑक्टोबर १९८२ रोजी झाले. त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात निकाल दिला. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून सेवेने कमावलेला हक्क आहे, हे तत्त्व त्या निकालाने दृढ केले, आणि ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून निवृत्तांमध्ये केलेला भेद रद्द ठरविला. घटनापीठाच्या अग्रस्थानी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते. पुणे ही त्यांची जन्मभूमी. पेन्शनरांच्या शहरात जन्मलेल्या न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली पेन्शनरांचा हा हक्क दृढ व्हावा, हा योगायोग लक्षणीय आहे. छंदांच्या इतिहासात या निकालाचा उल्लेख विषयांतर वाटू शकेल. परंतु महिन्याच्या पहिल्या तारखेची निश्चिती नसेल तर सकाळी बागेत फिरणाऱ्याचे पाय मोकळे पडत नाहीत. फावल्या वेळेला आर्थिक पाया लागतो.

त्या वेळेचा पल्लाही मधल्या काळात लांबला. केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय १९६२ मध्ये पंचावन्नवरून अठ्ठावन्नवर आणि १९९८ मध्ये साठवर गेले. परंतु आयुर्मान त्याहून वेगाने वाढले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आता ते सत्तरच्या आसपास आहे, आणि साठी गाठणाऱ्यासमोर सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे उभी असतात. कर्वे-सरदेसाई यांना जे अपवादाने लाभले, ते आता सामान्य कारकुनालाही लाभते. मात्र प्रत्येक कारकून रियासतकार होऊ शकत नाही, आणि तसे होण्याची सक्ती त्याच्यावर का असावी, हा प्रश्न येथून सुरू होतो.

या प्रश्नाचे आजचे रूप पाहण्यासाठी नोएडासारखे दुसरे ठिकाण नाही. यमुनेच्या पूर्वतीरावरील ही वसाहत १७ एप्रिल १९७६ रोजी एका औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या रूपाने अस्तित्वात आली. तिचे नावसुद्धा त्या प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे बनलेले आहे. कारखान्यांसाठी आखलेल्या या नगरात पुढे निवृत्तांनी घरे केली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. सैन्याच्या गृहनिर्माण संस्थेचे अरुण विहार आणि हवाई दल व नौदलाच्या मंडळाचे जलवायु विहार ही त्याची ठळक उदाहरणे. दिल्लीतील मंत्रालयांत आणि सैन्यदलांत हयात घालविलेली मराठी माणसे या परिसरात स्थिरावली; त्यांच्यानंतर, मुलामुलींच्या नोकऱ्यांमागोमाग, सातारा-नागपूरकडची आईवडील मंडळी आली. पहिल्यांना दिल्ली ओळखीची होती. दुसऱ्यांना येथे ना पार, ना पर्वती, ना ओळखीचे देऊळ. गावात जो ‘मास्तर’ किंवा ‘भाऊसाहेब’ म्हणून ओळखला जाई, तो येथे घरक्रमांकाने ओळखला जातो.

अशा ठिकाणी छंद हा केवळ वेळ घालविण्याचा उपाय राहत नाही. तो ओळख परत मिळविण्याचा मार्ग होतो. उद्यानातील बाकावर पत्ते पिसणारा, गच्चीत कुंड्यांतून कढीपत्ता आणि अळू लावणारा, हार्मोनियमवर नाट्यपदे बसविणारा किंवा शेजारच्या मुलांना बुद्धिबळ शिकविणारा माणूस त्या त्या गोष्टीने नव्याने ओळखला जातो. मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांनिशी सुरू केलेली हास्यक्लबाची कल्पना अशा नगरांतील उद्यानांना मानवली, कारण तेथे भाषा आड येत नाही. मेट्रो २००९ मध्ये नोएडात पोहोचली आणि मंडी हाउस परिसरातील नाट्यगृहे व ग्रंथालये निवृत्तांच्या आवाक्यात आली. ओखला बंधाऱ्यामुळे साठलेल्या पाण्याचा प्रदेश १९९० मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे चार चौरस किलोमीटरच्या या जागेत तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. हिवाळ्यात थापट्या आणि तलवार बदक पाहण्यासाठी दुर्बीण घेऊन काठावर उभा राहणारा वृद्ध तेथे काहीही ‘निष्पन्न’ करीत नसतो. तो पाहतो आणि घरी परततो.

याच नोएडात अगदी उलट टोकाचेही एक मराठी उदाहरण आहे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी पुरातत्त्व खात्यात असताना वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. नंतर दिल्लीतील सरकारी नोकरी त्यांनी लवकरच सोडली आणि नोएडा ही पुढे त्यांची कर्मभूमी झाली. त्यांनी घडविलेल्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे २०१८ मध्ये अनावरण झाले, तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते. ज्याने आवडीलाच व्यवसाय केले, त्याला निवृत्तीची तारीख नसते. परंतु त्यांच्यासारखी सुटका सर्वांना साधत नाही. बहुसंख्यांनी आवडीपासून दूरचे काम पस्तीस वर्षे केलेले असते, आणि म्हणूनच त्यांच्या उरलेल्या वर्षांवर आवडीचा अधिक हक्क पोहोचतो.

या सर्व विवेचनात एक मोठी उणीव राहते, आणि ती इतिहासाचीच उणीव आहे. येथवर आलेली नावे पुरुषांची आहेत. घरकामाला पेन्शन नव्हती, तशी निवृत्तीही नव्हती. गोधडी शिवणे, विणकाम, लोणची-पापड यांना छंद म्हणावे की काम, याचा निवाडा कोणी केला नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांचे वय सहासष्टच्या आसपास होते. स्त्रीच्या उत्तरायुष्यातील मोकळीक वाङ्मयात उतरल्याचे ते ठळक उदाहरण. पण ते विरळाच. मुलाच्या घरी नातवंडे सांभाळण्यासाठी नोएडाला आलेल्या आजीची दुपार कशी जाते, याची नोंद आजही कोणी ठेवीत नाही.

निवृत्तांच्या इतिहासात लिहिणारेच का दिसतात, याचे उत्तर सोपे आहे: त्यांनी लिहिले म्हणून. ज्यांनी झाडे लावली, पत्ते खेळले, पक्षी पाहिले, त्यांचा फावला वेळ त्यांच्याबरोबर संपला. व्यासंगाच्या प्रतिष्ठेने मराठीला पंचेचाळीस खंड दिले हे खरे. पण तिनेच बाकीच्यांच्या दुपारी नोंद घेण्यास अपात्र ठरविल्या. आता ही नोंद तातडीची झाली आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून भरती होणाऱ्यांसाठी, सैन्यदले वगळता, जुनी पेन्शन बंद करून अंशदायी योजना लागू केली; १ एप्रिल २०२५ पासून हमी देणारी एकीकृत योजना पर्याय म्हणून आली असली, तरी पूर्वीची निर्वेध निश्चिती परतलेली नाही. खाजगी नोकरीतील बहुसंख्यांना तर ती कधीच नव्हती. लोकहितवादींच्या काळी आकाराला आलेला, ठराविक उत्पन्नावर निर्धास्त जगणारा पेन्शनर हा एका विशिष्ट कालखंडाचा मनुष्य होता, असे उद्याच्या इतिहासकाराला कदाचित म्हणावे लागेल. त्याच्या हाती दप्तरे लागतील, ग्रंथ लागतील. बागेच्या वह्या, पक्ष्यांच्या याद्या, भजनी मंडळांच्या हजेऱ्या आणि आज्यांनी सांगितलेल्या आठवणी ग्रंथालयांनी आजच जपून ठेवल्या, तर त्या माणसाच्या साध्या, निरुपयोगी आणि म्हणूनच पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या असलेल्या दुपारीही त्याला वाचता येतील.