अनस्कूलिंग आणि दैनंदिन पालकत्व

अनस्कूलिंग अथवा शालामुक्त शिक्षण म्हणजे शाळा, नेमलेला अभ्यासक्रम व परीक्षा यांच्याविना, मुलाचे कुतूहल आणि रोजचे जगणे यांच्या आधारे होणारे शिक्षण होय. गृहशिक्षणात शाळेचाच अभ्यासक्रम घरी शिकवला जाऊ शकतो. अनस्कूलिंगमध्ये तसा अभ्यासक्रम नसतो. अमेरिकन शिक्षक व लेखक जॉन होल्ट (१९२३–१९८५) यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ या नियतकालिकातून ही संज्ञा रूढ झाली.

पालकत्वाशी साम्य

मूल मातृभाषा धडे वा गृहपाठाविना आत्मसात करते. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुतेक पालक नकळत याच रीतीने मूल वाढवतात. पुढेही सुट्टी, प्रवास, बाजार आणि स्वयंपाकघर यांत हे शिक्षण चालूच राहते.

पुण्यातील स्वारगेट परिसर याचे चांगले उदाहरण आहे. एस.टी. स्थानकात पालकांसोबत थांबलेले मूल गाड्यांवरील देवनागरी पाट्या वाचू लागते, गावांची नावे ओळखते आणि ५ ते १२ वर्षे वयाला अर्धे तिकीट म्हणजे किती पैसे, याचा हिशेब करते. जवळच्या पेशवे उद्यानात १९५६ पासून धावणारी फुलराणी आणि २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत आलेली भुयारी मेट्रो यांविषयी ते प्रश्न विचारते. येथपर्यंत शाळेत जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांत काहीच फरक नाही.

फरक पडतो तो त्यानंतर. सर्वसाधारण पालक त्या प्रश्नाला उत्तर देऊन मुलाला पुन्हा वह्यापुस्तकांकडे वळवतो. अनस्कूलिंग करणारा पालक त्या प्रश्नालाच दिवसाचे काम मानतो, मग त्यात आठवडा गेला तरी चालते. त्यासाठी पालकाजवळ मोकळा वेळ असावा लागतो, आणि या विषयावरील लेखनात त्याचा उल्लेख अभावानेच येतो.

कायदेशीर स्थिती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयोगटातील पाल्यास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे; मात्र ते न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद या अधिनियमात नाही. शाळेत न गेलेली मुले किमान १४ वर्षे वय पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत माध्यमिक परीक्षा देऊ शकतात.

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १४ वर्षांखालील मुलास कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करण्याची मुभा आहे, पण ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. शाळाच नसेल, तर तिच्यानंतरची वेळ कोणती मानायची? सुशिक्षित घरातील मूल आईबरोबर दुकानात बसले तर त्यास अनुभवशिक्षण म्हटले जाते. स्थानकाबाहेरच्या हातगाडीवर वडिलांना मदत करणारे मूल मात्र शाळाबाह्य ठरते. त्या दिवशी दोघांनी केलेला हिशेब सारखाच असू शकतो. तथापि पहिल्या मुलाला शाळेत परतण्याचा मार्ग बहुधा खुला असतो, दुसऱ्याला तो असेलच असे नाही.

टीका

सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यातच, भिडे वाड्यात, मुलींची शाळा काढली. ज्यांना शाळेचा दरवाजाच बंद होता, त्यांच्या दृष्टीने शाळा ही बंधन नसून सुटका होती. त्यामुळे मुलीला घरी ठेवण्याचा निर्णय तिच्या कुतूहलासाठी आहे की घरकामासाठी, हे तपासण्याचे साधन अनस्कूलिंगच्या विचारात नाही, हा आक्षेप महाराष्ट्राच्या संदर्भात सर्वांत गंभीर आहे.