वेदीवरची फुले सुकतात म्हणून



आठ सप्टेंबर म्हणजे पवित्र मरियेचा जन्मदिवस, आपले मोंतीचे फेस्त. त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाला मुले परसातली फुले घेऊन येतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने विचारले, "टीचर, ही फुलं उद्या सुकणारच. मग प्लास्टिकची का नकोत? ती वर्षभर टिकतील." मला चटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन विचार करत बसले, तेव्हा कॉलेजात शिकलेली काही चित्रे आठवली.

चारशे वर्षांपूर्वी अँटवर्प शहरात यान ब्रुगेल हा चित्रकार होता. मिलानचे कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांच्यासाठी त्याने १६०६ मध्ये फुलदाणीचे चित्र काढले. त्यात वेगवेगळ्या ऋतूंतली फुले एकत्र आहेत. खरे तर ती एका वेळी फुलतच नाहीत. ब्रुगेल प्रत्यक्ष फूल समोर ठेवून रंगवायचा, म्हणून एकेका फुलाच्या हंगामाची वाट पाहायची. अँटवर्पमध्ये न मिळणारी फुले पाहायला तो ब्रुसेल्सलाही गेला. हिवाळ्यात बाहेर सगळे गोठलेले असताना अशी चित्रे पाहून मन प्रसन्न होते, असे कार्डिनलांनी लिहून ठेवले आहे.

ब्रुगेलचा शिष्य दानिएल सेगर्स १६१४ मध्ये येशूसंघात दाखल झाला आणि ब्रदर म्हणूनच राहिला. पवित्र मरियेच्या प्रतिमेभोवती फुलांचे हार रंगवणे हीच त्याची सेवा. त्याची चित्रे संघातर्फे राजेरजवाड्यांना भेट दिली जात.

त्या काळी फुलांना अर्थ होता. पांढरी लिली म्हणजे मरियेची निर्मळता. गुलाब म्हणजे प्रेम, आणि काट्यांसकट दुःखही. आपल्या कुंपणावरचे कृष्णकमळ मूळ अमेरिकेतले. याकोमो बोसिओ या इटालियन लेखकाने १६१० मध्ये त्यात प्रभूचे दुःखसहन वाचले. ख्रिस्ती परंपरेत त्यातले तंतू म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरच्या तीन शाखा म्हणजे तीन खिळे. आपले शेजारी त्याच फुलात शंभर कौरव, पाच पांडव आणि श्रीकृष्ण पाहतात. फूल एकच, पण ज्याच्या मनात जी कथा, ती त्याला दिसते.

फुलांची ही भाषा आपल्याकडेही होती. येशूसंघाचेच फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापले गेले. त्यात त्यांनी मराठीला फुलांतल्या मोगऱ्याची उपमा दिली. जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस असिसी चर्चमध्ये भिंतींवर वेलीफुले रंगवलेली आहेत आणि पायाखाली थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हे कोरलेली. वर बहर, खाली माती. तिथे उभे राहिले की प्रवचनाची गरज उरत नाही.

पण त्या मुलीचा मुद्दा अजून उरतोच. रंगवलेली फुलेही सुकत नाहीत, मग प्लास्टिकच्या फुलांनी काय पाप केले?

मला वाटते, फरक असा. त्या काळच्या फुलांच्या चित्रांत किडा असतो, कुरतडलेले पान असते, टेबलावर गळलेली पाकळी असते. चित्र टिकते, पण फूल मरणार हे ते लपवत नाही. शिवाय त्यात चित्रकाराची कित्येक महिन्यांची वाट पाहणे आहे. प्लास्टिकचे फूल एकदा खोवले की आपण मोकळे. धूळ बसली तरी वर्षभर तिकडे लक्ष जात नाही. खरे फूल मात्र रोज पहाटे उठून तोडावे लागते, रोज बदलावे लागते. आपली प्रार्थनाही तशीच असते ना?

यशया संदेष्ट्याच्या चाळिसाव्या अध्यायात सुकणारे फूल आणि देवाचे टिकणारे वचन शेजारी शेजारी आहेत. प्रभू येशूनेही शलमोनाच्या वैभवापुढे रानातले एका दिवसाचे फूल ठेवले. ते टिकते म्हणून नव्हे, तर पिता त्याचीही काळजी घेतो म्हणून.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला सांगितले, "फूल उद्या सुकतं, म्हणून तर उद्या आपल्याला परत यावं लागतं." ती दुसऱ्या दिवशी जास्वंद घेऊन आली. एक पाकळी किड्याने खाल्लेली होती. तीच आम्ही मरियामातेच्या पायांशी ठेवली.

हे प्रभू, आमचे आजचे फूल आज स्वीकार, आणि उद्या पुन्हा येण्याची ओढ दे. आमेन.