१:१२ हा आकडा आला कुठून?

संशोधनाला सुरुवात करताना बहुतेकांना एक सवय लागते, मलाही लागली होती. प्रमाणपुस्तिका उघडायची, त्यातला आकडा उचलायचा आणि थेट समीकरणात टाकायचा. हाताने चालवायची व्हीलचेअर घराबाहेर नेताना शरीरावर किती ताण येतो, हा माझा विषय. त्यामुळे सगळ्यात आधी माझ्या वाट्याला आलेला आकडा म्हणजे १:१२. रॅम्प १ फूट उंची गाठणार असेल तर तो निदान १२ फूट लांब हवा. भारतातल्या नियमावल्या उघडल्यात तर तिथेही तुम्हाला हाच आकडा भेटेल. पहिलं वर्षभर मी तो गुरुत्वाकर्षणाच्या स्थिरांकासारखा वापरला. जणू निसर्गानेच दिलाय! आज त्याचा इतिहास सांगते, कारण तो कळल्यावर माझा संशोधनाचा प्रश्नच बदलला.

आधी खुर्ची आली, रस्ता नंतर

हर्बर्ट एव्हरेस्ट हे अमेरिकेतले खाण अभियंता. १९१८ मध्ये खाणीतल्या अपघातात त्यांचा पाठीचा कणा जायबंदी झाला. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यंत्र अभियंता होते. दोघांनी मिळून १९३३ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये पोलादी नळ्यांची, घडी घालून मोटारीत ठेवता येईल अशी व्हीलचेअर बनवली. आपल्या दवाखान्यांच्या दारात दिसते ना, ती घडीची खुर्ची याच घराण्यातली. खुर्ची आता गावभर नेता येऊ लागली. पण गाडीतून उतरलं की समोर फुटपाथची कड उभीच होती.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत कण्याला इजा झालेली बरीच माणसं थोड्याच काळात जंतुसंसर्गाने दगावत. नवी औषधं आणि चांगली शुश्रूषा आल्यावर ती जगू लागली आणि घराबाहेर पडू लागली. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू शहरात १९४५ मध्ये प्रयोग म्हणून फुटपाथच्या कोपऱ्यांवर उतार करण्यात आले. त्यामागे पाठपुरावा होता जॅक फिशर या वकिलाचा. ते स्वतः अपंगत्व आलेले माजी सैनिक होते.

१९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने गेल्सबर्गच्या शाखेत अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्याचे प्रमुख टिमथी न्यूजंट. ही शाखा लष्कराच्या जुन्या रुग्णालयात भरायची, म्हणून तिथे खुर्चीने वावरणं त्यातल्या त्यात सोपं होतं. पण वर्षभरात शाखाच बंद करायचं ठरलं. विद्यार्थ्यांनी आणि न्यूजंट यांनी निदर्शनं केली, आणि अखेर हा कार्यक्रम अर्बाना-शँपेनच्या मुख्य आवारात गेला. या विद्यार्थ्यांत युद्धातून परतलेले तरुण सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यांचा व्हीलचेअर बास्केटबॉलचा संघ होता. आणि कार्यक्रमाचं ब्रीद एकच: स्वतःची खुर्ची स्वतः चालवा, कुणाची मदत मागू नका.

१९६१ मध्ये अमेरिकेत इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठीचं पहिलं राष्ट्रीय प्रमाण आलं, ए११७.१. जेमतेम काही पानांचा हा दस्तऐवज ज्या संशोधनावर उभा होता, ते इलिनॉयमध्ये न्यूजंट यांच्या देखरेखीखाली झालेलं. त्यातच १ फुटाला १२ फूट हा नियम होता. शिवाय दर ३० फुटांवर एक सपाट टप्पा द्यावा असंही म्हटलं होतं, विश्रांतीसाठी आणि सुरक्षिततेसाठी. ‘विश्रांतीसाठी’ हा शब्द लक्षात ठेवा. रॅम्प चढणारं शरीर दमतं, हे त्या प्रमाणात चक्क लिहिलेलं होतं.

हाताला किती पडतं?

आता थोडं गणित. माणूस ८० किलोचा, खुर्ची २० किलोची, एकूण १००. गुळगुळीत सपाट जमिनीवर चाकाचा विरोध वजनाच्या दीड टक्का धरू, म्हणजे सुमारे १५ न्यूटन. १:१२ च्या चढावर त्यात गुरुत्वाकर्षणाचे ८१ न्यूटन मिळवा. एकूण ९६. म्हणजे सपाटीच्या सहापटीहून जास्त. त्यातही हात सतत कडीवर नसतात. रेटा द्यायचा, हात मागे न्यायचा, पुन्हा पकडायचं. समजा अर्धाच वेळ कडी हातात आहे, तर त्या अर्ध्या वेळात दुप्पट जोर लागणार. म्हणजे प्रत्येक रेट्याला एकेका हातावर १० किलोच्या वजनाएवढा भार. आणि मधे हात सुटला की खुर्ची मागे घसरू पाहते.

पण रॅम्पच्या पायथ्याशी राहून गेलेली २ सेंटिमीटरची कड बघा. आपल्याकडे ही कड हमखास असते, कारण रॅम्प एकाने बांधलेला असतो आणि रस्ता दुसऱ्याने. पुढची छोटी चाकं १२ सेंटिमीटर व्यासाची आणि त्यांच्यावर ४० किलो भार असेल, तर उभ्या जागेवरून नुसतं आडवं ढकलून ती कड चढायला जवळपास ४५ किलोच्या वजनाएवढा जोर लागतो. कड चाकाच्या त्रिज्येएवढी उंच झाली की कितीही ढकला, चाक चढणार नाही. म्हणूनच सराईत माणूस पुढची चाकं उचलून कड पार करतो. पण त्यासाठी तोल हवा, पोटाचे स्नायू हवेत, शिकवणारं कुणी हवं.

१९८० च्या सुमारास इथे मोठा बदल झाला. हँग ग्लायडिंगच्या अपघातानंतर मेरिलिन हॅमिल्टन यांनी ग्लायडर बनवणाऱ्या मित्रांकडून ॲल्युमिनियमची हलकी खुर्ची बनवून घेतली, आणि ‘क्विकी’ या नावाने ती बाजारात आली. पुढे हलक्या खुर्च्यांत मागच्या चाकांचा आस पुढे-मागे सरकवता येऊ लागला. आस पुढे घेतला की छोट्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ती उचलणं सोपं जातं. अर्थात चढावर खुर्ची मागे उलटण्याचा धोकाही तेवढाच वाढतो. फुकट काहीच मिळत नाही.

प्रश्न बदलला तो असा

१९८७ मध्ये बेली, कॉक्रन आणि स्लेज या डॉक्टरांचा शोधनिबंध आला. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘वजन पेलणारा खांदा’ असा. कमरेखाली लुळेपणा आलेले ९४ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातल्या ३१ जणांना खुर्चीतून पलंगावर किंवा गाडीत जाताना खांदा दुखत होता, तोही कायमचा. खांद्याचा सांधा हात उचलायला, फिरवायला उत्तम, पण दिवसभर शरीराचं वजन पेलायला तो बनलेला नाही. ज्याचे पाय चालत नाहीत त्याचा खांदा गेला, तर घराबाहेर पडणंच संपलं.

आता दोन्ही काळ शेजारी ठेवून बघा. १९४८ च्या पिढीचा प्रश्न होता, ‘चढता येतं का?’ त्या काळी तो क्रांतिकारकच होता, कारण विद्यापीठं या मुलांना दारातही उभं करत नव्हती. १९८७ चा प्रश्न वेगळा आहे: ‘किती वर्षं चढता येईल, आणि खांद्याला काय किंमत मोजून?’ १:१२ हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपण मात्र ते दुसऱ्या प्रश्नालाही सर्रास चिकटवतो.

हे मला कागदावरून कळलं नाही. माझ्या मोजमापासाठी आलेल्या एक ताई गेली वीस वर्षं खुर्ची वापरतात. आमच्या रॅम्पवर त्या न थांबता वर गेल्या. मी खुशीत वहीत ‘यशस्वी’ असं लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “अगं, चढते मी. पण रात्री खांदा ठणकतो तेव्हा तुझं यंत्र कुठे असतं?” माझ्या तक्त्यात या प्रश्नाला रकानाच नव्हता. घरी येऊन मी प्रस्तावाचं तिसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. मार्गदर्शक आधी वैतागले, मग वाचून गप्प झाले. सहा महिने गेले, पण मला त्याची खंत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमचा विषय कुठलाही असो, औषधाची मात्रा, आवाजाची मर्यादा, बाकाची उंची, प्रमाणातला आकडा वापरण्याआधी तीन गोष्टी शोधा. तो कुणाच्या शरीरावरून आला? त्या वेळी ‘यश’ कशाला म्हणत होते? आणि तेव्हा खोलीत कोण नव्हतं? माझ्या आकड्याच्या बाबतीत साठीतली बाई नव्हती, वीस वर्षं झिजलेला खांदा नव्हता आणि रॅम्पखालची ती २ सेंटिमीटरची कडही नव्हती.

आकडा चुकीचा नव्हता हं. तो एका चांगल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर होता. पुढचा प्रश्न विचारायचं काम आपल्यावर आलंय. तुमच्या प्रस्तावातला असा एक आकडा आजच शोधून काढा, आणि त्याचं मूळ सापडेपर्यंत पुढचं समीकरण लिहू नका.