घड्याळ चालू, सर्व्हर बंद

आजचा विषय थेट तुमच्या मनगटावरचा.

स्मार्टवॉचची काच फुटली किंवा बॅटरी दुपारपर्यंतही टिकेनाशी झाली, की आपण काय करतो? फोनवर दोन मॉडेल शेजारी-शेजारी उघडून बसतो. याची स्क्रीन मोठी, त्याचे स्पोर्ट्स मोड जास्त, हे हजार रुपयांनी स्वस्त. पण या तुलनेत एक रकाना कधीच नसतो: यामागची कंपनी उद्या थांबली, तर घड्याळातलं काय चालू राहील? तो रकाना का हवा, हे समजायला थोडं मागे जाऊया.

२००४ साली मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत ‘स्पॉट’ तंत्रज्ञानाची घड्याळं आणली. फॉसिलसारख्या कंपन्यांनी ती बनवली होती. एफएम रेडिओच्या लहरींवरून बातम्या, हवामान, शेअरचे भाव थेट मनगटावर यायचे. त्यासाठी वर्षाला ५९ डॉलर वर्गणी. आयफोन यायला अजून तीन वर्षं होती, म्हणजे तेव्हा ही जादूच! पुढे तीच माहिती मोबाइलवर मिळायला लागली, मग वेगळी वर्गणी कोण भरणार? १ जानेवारी २०१२ ला सेवा बंद झाली. घड्याळं धडधाकट होती, पण ज्यासाठी ती घेतली तेच गेलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेबल आलं. एरिक मिगिकोव्हस्की या कॅनडाच्या तरुणाने किकस्टार्टरवर लोकांकडे १ लाख डॉलर मागितले. सुमारे ६९ हजार लोकांनी मिळून १ कोटी डॉलरहून जास्त दिले! ई-पेपरची साधी स्क्रीन, आठवडाभर चालणारी बॅटरी, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींशी दोस्ती. लोक प्रेमातच पडले.

मग २०१५ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपल वॉच बाजारात आलं आणि स्पर्धा एकदम वाढली. डिसेंबर २०१६ मध्ये पेबलने गाशा गुंडाळला. तिचं सॉफ्टवेअर आणि बरेचसे इंजिनीअर फिटबिटकडे गेले. ३० जून २०१८ ला पेबलचे सर्व्हर बंद झाले. अ‍ॅप स्टोअर गेलं, हवामान गेलं, बोलून मेसेज लिहायची सोय गेली.

आता गंमत बघा. त्याच २०१६ च्या जानेवारीत आपल्याकडे केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला होता. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत सुरू झालेला हा कारखाना. पण आजोबांच्या कपाटातल्या एचएमटी ‘जनता’ला किल्ली दिली, की ते आजही टिकटिक करतं. बिघडलंच, तर बाजारपेठेतला एखादा जुना कारागीर ते उघडून बसतो. कंपनी गेली, घड्याळ राहिलं. कारण त्याला कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही.

मग महाग घेतलं म्हणजे सुटलो का? पहिल्या अ‍ॅपल वॉचची सोन्याची आवृत्ती १० हजार डॉलरपासून सुरू व्हायची. सप्टेंबर २०१८ मध्ये वॉचओएस ५ आलं, तेव्हा त्या पहिल्या पिढीला ते मिळालंच नाही. म्हणजे साडेतीन वर्षांच्या आत सोनं तसंच चकाकत होतं, पण सॉफ्टवेअर म्हातारं झालं होतं.

पेबलची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. ‘रेबल’ नावाने एकत्र आलेल्या चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि ती घड्याळं पुन्हा कामाला लावली. पुढे फिटबिट गूगलच्या ताब्यात गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या सॉफ्टवेअरचा बराचसा कोड सगळ्यांसाठी खुला केला. पण प्रत्येक घड्याळाला असे जिवाला जीव देणारे चाहते मिळत नाहीत.

म्हणून नवं घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारा. अपडेट किती वर्षं मिळणार, आणि ते कंपनीने कुठे लिहून दिलंय का? इंटरनेट आणि फोन दोन्ही बंद केले तर काय चालतं: अलार्म, स्टॉपवॉच, पावलं? माझी जुनी झोपेची, धावण्याची नोंद फाइल म्हणून बाहेर काढता येते का? आणि काच किंवा बॅटरी बदलायला आपल्याच शहरात किती पैसे पडतील?

फोनशी जोडीही तपासा. अ‍ॅपल वॉचला आयफोन लागतो, तर सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ पासूनची घड्याळं आयफोनशी जुळत नाहीत. आज घड्याळ निवडताना तुम्ही पुढचा फोनही निवडून ठेवताय.

दोन मॉडेलमध्ये अडकला असाल, तर ज्याची उत्तरं सरळ मिळतील ते घ्या, मग त्याचे दहा स्पोर्ट्स मोड कमी असले तरी चालतील. तसेही आपण त्यातले दोनच वापरतो, नाही का? भेटूया पुढच्या भागात!